विज्ञान शिकवणाऱ्याला आधी विज्ञान करू द्या

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि राज्यभरच्या शाळांमध्ये शिक्षकांच्या हातात टीईटीची गाइडं दिसू लागली. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या, आधीपासून सेवेत असलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांच्या आत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागेल, असा तो निकाल. वीस-बावीस वर्षं फळ्यासमोर काढलेल्या माणसाची पात्रता आता तपासायची का, यावर खूप बोललं गेलं. संघटनांनी निवेदनं दिली, आंदोलनं केली. शिक्षकांची ती बाजू मला समजते. पण या सगळ्या गदारोळात एक प्रश्न मागे राहिला: विज्ञान शिकवण्याची पात्रता या परीक्षेतून कळते का?

सहावी ते आठवीसाठीच्या दुसऱ्या पेपरात १५० पैकी ६० गुण गणित-विज्ञानाचे आहेत. पहिली ते पाचवीसाठीच्या पहिल्या पेपरात परिसर अभ्यासाचे ३०. प्रश्न सगळे बहुपर्यायी, चारांतला एक पर्याय निवडायचा. उष्णतेच्या वहनाची व्याख्या येते की नाही, एवढं त्यातून कळेल. पण ज्या शिक्षकाने आयुष्यात कधी तापमापी हातात धरून पाण्याचं तापमान मोजलेलं नाही, तोही या परीक्षेत चांगल्या गुणांनी पार होऊ शकतो आणि दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या तासाला उभा राहतो. मुलांना तो काय देणार? त्याला जे मिळालं तेच. व्याख्या, आकृती आणि स्वाध्यायाची उत्तरं.

माझं म्हणणं असं आहे: प्राथमिक आणि उच्च प्राथमिक शाळेत विज्ञान शिकवणारा शिक्षक घडवायचा असेल, तर जे प्रयोग तो मुलांकडून करून घेणार आहे ते आधी त्याने स्वतः केले पाहिजेत. त्यात तो अडला पाहिजे, त्याला शंका पडल्या पाहिजेत. आणि हे एकदा करून भागत नाही. नोकरीच्या सगळ्या काळात, आपल्यासारख्याच दहा-पंधरा शिक्षकांच्या सोबतीने, ते पुनःपुन्हा घडलं पाहिजे. पदवी, पात्रता परीक्षा, मोबाइलवरचे व्हिडिओ यांतलं काहीही त्याची जागा घेऊ शकत नाही.

मेणबत्ती आणि पेल्याचा प्रयोग घ्या. ताटलीत मेणबत्ती उभी करायची, पाणी ओतायचं, मेणबत्ती पेटवून तिच्यावर काचेचा पेला पालथा घालायचा. थोड्या वेळाने ज्योत विझते आणि पाणी पेल्यात वर चढतं. पिढ्यान्‌पिढ्या याचं स्पष्टीकरण ठरलेलं आहे: ज्योतीने ऑक्सिजन वापरला, त्याची रिकामी झालेली जागा पाण्याने घेतली, पाणी साधारण पाचव्या हिश्शापर्यंत चढलं, म्हणजे हवेत ऑक्सिजन एक पंचमांश. हिशेब इतका नेटका जुळतो की शंका घ्यावी असं कुणाला वाटतच नाही.

तालुक्याच्या एका प्रशिक्षणात हा प्रयोग आम्ही शिक्षकांच्या गटांनाच करायला दिला. अट एकच होती. काय होईल ते आधी वहीत लिहायचं आणि मग पेला घालायचा. पहिल्या फेरीत सगळं ठरल्याप्रमाणे झालं. दुसऱ्या फेरीत प्रत्येक गटाला तीन मेणबत्त्या दिल्या. पेला तोच, म्हणजे आतली हवा तेवढीच, म्हणजे पाणीही तेवढंच चढणार, असं जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं. प्रत्यक्षात पाणी पहिल्यापेक्षा कितीतरी वर गेलं.

खोलीत गडबड उडाली. कोणी म्हणालं पेला तिरका धरला असेल, कोणी म्हणालं पाणी जास्त ओतलं. पुन्हा करून पाहिलं, तरी तेच. मग मागच्या बाकावरच्या एक बाई म्हणाल्या, “सर, ज्योत जळतेय तोवर पाणी फारसं हलत नाही. विझल्यावर झपकन चढतंय. ऑक्सिजन तर जळताना संपायला पाहिजे ना?” तेवढ्यात दुसऱ्या एका गटाच्या लक्षात आलं की पेला टेकवताना काठाखालून बुडबुडे बाहेर सुटतात. तिथून पुढे मला फारसं बोलावं लागलं नाही. ज्योतीमुळे पेल्यातली हवा तापते, प्रसरण पावते आणि तिचा काही भाग बाहेर निसटतो. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. तीन ज्योती हवा जास्त तापवतात, म्हणून पाणी जास्त चढतं. ऑक्सिजन खर्च होतो हे खरं, पण त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड तयार होतो. शिवाय ज्योत विझते त्या वेळीही पेल्यात बराच ऑक्सिजन शिल्लक असतो. एक पंचमांशाचा मेळ बसतो तो केवळ योगायोगाने.

त्या बाई कला शाखेच्या होत्या. बारावीला त्यांना विज्ञान नव्हतं. तरी खोलीतलं सगळ्यात नेमकं निरीक्षण त्यांचं होतं, कारण त्या दिवशी त्यांना पाहायला वेळ मिळाला आणि चुकायची मोकळीक मिळाली. आता हाच प्रयोग वर्गात करताना सातवीतल्या एखाद्या मुलीने हीच शंका काढली तर? ज्या शिक्षकाने दुसरी फेरी कधी केलेली नाही त्याच्याकडे दोनच मार्ग उरतात: तिला गप्प बसवणं, किंवा पुस्तकात दिलंय तेच लिही म्हणून सांगणं. मुलांच्या प्रश्नांना शिक्षक टाळतात तेव्हा आपण त्यांना आळशी ठरवून मोकळे होतो. मी जवळून जे पाहिलं त्यात आळस कमी आणि भीती जास्त होती. उत्तर आलं नाही तर वर्गासमोर आपली पत जाईल, ही ती भीती. ती घालवायची तर ‘मला माहीत नाही, चला करून पाहू’ असं म्हणण्याचा सराव त्याला वर्गात उभं राहण्याआधीच व्हायला हवा.

त्या खोलीत पुढचा प्रश्न साहजिकच आला: मग हवेत ऑक्सिजन एक पंचमांश आहे हे खरोखर कसं दाखवायचं? त्याला चांगला उपाय आहे. लोखंडाचा बारीक कीस ओला करून परीक्षानळीच्या तळाशी दाबून बसवायचा आणि नळी पाण्यात पालथी उभी करायची. लोखंड गंजताना ऑक्सिजन घेतं. यात ज्योत नाही, तापणं नाही, दुसरा वायू तयार होत नाही. पाणी हळूहळू चढतं आणि पाचव्या हिश्शाच्या आसपास थांबतं. भांडी घासायची तारेची घासणी मात्र इथे चालत नाही, कारण ती बहुतेक वेळा न गंजणाऱ्या पोलादाची असते. लेथ मशीनच्या कारखान्यातून लोखंडाचा कीस आणावा लागतो. असले बारकावे कुठल्याही परीक्षेत विचारत नाहीत आणि प्रयोग जमणं-फसणं नेमकं त्यांच्यावर ठरतं. पण या प्रयोगाला एक-दोन दिवस लागतात. आमचं प्रशिक्षण एका दिवसाचं होतं. संध्याकाळी हजेरीपत्रकावर सह्या झाल्या आणि सगळे आपापल्या गावी गेले.

हा शिक्षक तयार होतो कसा, ते पाहा. कोणत्याही शाखेतून बारावी, मग दोन वर्षांची पदविका. पूर्वी तिला डी.एड. म्हणत, आता डी.एल.एड. म्हणतात. या दोन वर्षांत बालमानसशास्त्र, भाषा, गणित, कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण असं सगळं बसवायचं असतं. विज्ञानाच्या वाट्याला येतं ते प्रामुख्याने ‘विज्ञान कसं शिकवावं’ याचं वर्णन: उद्दिष्टं, पद्धती, पाठ टाचण, मूल्यमापनाचे तक्ते. छात्राध्यापक पाठ घेतात आणि टाचणवहीवर निरीक्षकाची सही होते. मात्र मटकी भिजवण्यापासून विद्युत परिपथ जोडण्यापर्यंत पहिली ते आठवीचे सगळे प्रयोग स्वतःच्या हाताने केलेला छात्राध्यापक मला क्वचितच भेटला आहे. एके काळी या अभ्यासक्रमाच्या महाविद्यालयांचं राज्यात पेव फुटलं होतं. महाराष्ट्रातल्या सुमारे तीनशे डी.एड. संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्यातूनच न्यायमूर्ती जगदीश शरण वर्मा आयोग नेमला गेला. आयोगाने २०१२ साली दिलेल्या अहवालात शिक्षक-शिक्षणाच्या दर्जाबद्दल फार कठोर लिहिलं आहे. त्यानंतर नोकरभरती आटली, विद्यार्थी मिळेनासे झाले आणि बरीच महाविद्यालयं आपोआप बंद पडली. जी उरली त्यांच्या प्रयोगशाळेत काय चालतं, हे विचारायला कोणी गेलेलं नाही.

मटकीचं उदाहरण मुद्दाम दिलं. बी रुजायला काय लागतं, असं शिक्षकांना विचारलं की पाणी, हवा आणि सूर्यप्रकाश, असं उत्तर हमखास येतं. ते देणाऱ्या प्रत्येकाच्या घरी रात्री मटकी भिजत पडलेली असते. सकाळी ती फडक्यात घट्ट बांधून डब्यात घालून अंधारात ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी तिला लांब मोड आलेले असतात. रुजायला ऊन लागत नाही, पुढे वाढायला लागतं, हे आपलं स्वयंपाकघर रोज दाखवतं. तरी शाळेतलं उत्तर आणि घरातला अनुभव एकमेकांना कधी भेटत नाहीत. चौथीच्या शिक्षिकेला हे कळायला विज्ञानाची पदवी लागत नाही. कोणीतरी एकदा तिच्यासमोर दोन वाट्या ठेवून, एक उन्हात आणि एक कपाटात, दोन दिवसांनी पुन्हा भेटायला हवं.

यावर नेहमीचं उत्तर असतं की सहावीपासून पुढे बी.एस्सी. झालेला विषय शिक्षक दिला की प्रश्न सुटतो. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातही सहावी ते आठवीला विज्ञान-गणितासाठी किमान एक शिक्षक असावा असं म्हटलं आहे, आणि ते योग्यच आहे. पदवीधर शिक्षकांची पदं रिकामी ठेवून विज्ञान शिकवण्याच्या गोष्टी करणं म्हणजे मुलांची फसवणूक आहे. पण पदवी पुरेशी नाही. रसायनशास्त्रात पदवी घेतलेल्या शिक्षकांना मी एक साधा प्रश्न विचारत आलो आहे: आपल्या गावात दुपारी बारा वाजता सूर्य बरोबर डोक्यावर असतो का? बहुतेक जण हो म्हणतात. खरं तर महाराष्ट्रात तो वर्षातून दोनच दिवस बरोबर डोक्यावर येतो, तोही घड्याळात बारा वाजून गेल्यावर. पुण्यात मेच्या मध्यावर, नागपुरात मेच्या अखेरीकडे, आणि परतीच्या वाटेवर दुसऱ्यांदा जुलैत. त्या वेळी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पहिला दिवस उन्हाळ्याच्या सुट्टीत येतो आणि दुसरा पावसाळी ढगांत, म्हणून शाळेच्या नजरेतून दोन्ही निसटतात.

उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून ऊन तापतं, हेही पदवीधरांकडून ऐकायला मिळतं. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आपण स्वेटर घालून फिरत असतो तेव्हा. पदवीच्या परीक्षेत असे प्रश्न आलेच नाहीत, तर त्याने तरी ते कुठे सोडवायचे? विषयाचं ज्ञान वेगळं आणि तो विषय अमुक वयाच्या मुलांना शिकवण्याचं ज्ञान वेगळं, हे अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ साली मांडलं आणि जगभरच्या शिक्षक-शिक्षणात ते मान्य झालं. बारा वर्षांचं मूल कुठे अडखळतं, कोणतं उदाहरण त्याला वाट दाखवतं आणि कोणतं भलतीकडे नेतं, हे महाविद्यालयात शिकवत नाहीत. तशा मुलांसोबत आणि तशाच शिक्षकांसोबत काम करता करता ते कळत जातं.

आता वरच्या प्रयोगांना लागणारा वेळ पाहा. मोड यायला एक-दोन दिवस. लोखंड गंजायला तेवढेच. काठीच्या सावलीचा माग काढायचा तर दर पंधरा दिवसांनी एकदा, असे निदान सहा महिने. चंद्राच्या कला समजायच्या तर पूर्ण महिना आकाश पाहायला हवं. संकष्टीच्या दिवशी घरोघरी दिनदर्शिकेत चंद्रोदयाची वेळ पाहतात. ती रात्री नऊ-साडेनऊच्या आसपास असते, कारण पौर्णिमेला सूर्यास्ताच्या सुमारास उगवणारा चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवत जातो आणि चतुर्थीपर्यंत तीन-साडेतीन तास मागे पडतो. हे शिक्षकाला स्वतः पाहून वहीत मांडायला मिळालं तर पृथ्वीच्या सावलीने चंद्राच्या कला होतात हा गैरसमज त्याच्या मनातून मुळासकट जातो. पण यातलं काहीही एका दिवसाच्या प्रशिक्षणात बसत नाही. म्हणून विज्ञान शिक्षकाच्या तयारीचं वेळापत्रक प्रयोगांकडे पाहून आखावं लागेल. आज ते आर्थिक वर्ष संपण्याआधी निधी खर्ची टाकण्याच्या घाईत आखलं जातं.

सेवांतर्गत प्रशिक्षणाची आपली रीत सगळ्यांना ठाऊक आहे. पुण्यात राज्यस्तरावर काही तज्ज्ञ तयार होतात, ते जिल्ह्याला शिकवतात, जिल्हा तालुक्याला आणि तालुका केंद्राला, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाला. प्रत्येक पायरीवर दिवस कमी होतात, साहित्य गळतं, आणि शेवटच्या शिक्षकापर्यंत पोचतात ती फक्त पडद्यावरची चित्रं. २०१९ पासून निष्ठा हे केंद्र सरकारचं शिक्षक प्रशिक्षण आलं, दीक्षा अॅपवर अभ्यासक्रम आले. ज्याला पाहायचंय त्याला घरबसल्या चांगलं काही पाहायला मिळतं, हा फायदा मी नाकारत नाही. पण व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून प्रमाणपत्र मिळवणं म्हणजे शिकणं, असं धोरण ठरवणाऱ्यांना वाटू लागलं असेल तर ते धोक्याचं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची संधी मिळावी असं म्हटलं आहे. हे तास कशाने भरायचे, हाच खरा प्रश्न आहे.

कशाने भरायचे याचं उत्तर आपल्या शेजारच्या राज्यात सापडतं. १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या नर्मदापुरममध्ये, १६ सरकारी माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा नवा कार्यक्रम सुरू केला. तिथे सहावी ते आठवीच्या शाळेला माध्यमिक म्हणतात. १९७८ मध्ये तो सगळ्या जिल्ह्यात गेला आणि १९८२ पासून एकलव्य या संस्थेने तो पुढे चालवला. मुलं चारचारच्या टोळीने प्रयोग करत, निरीक्षणं वहीत मांडत आणि त्यांवर चर्चा करून निष्कर्षाला येत. ‘बाल वैज्ञानिक’ या त्यांच्या पुस्तकांत तयार उत्तरं नसत. परीक्षेला पुस्तक आणि वही उघडी ठेवायची मुभा होती आणि प्रयोगांची वेगळी परीक्षा असे.

या कार्यक्रमाबद्दल बोलताना लोक पुस्तकांचं आणि स्वस्त साहित्याचं कौतुक करतात. माझ्या मते त्याचा कणा होता शिक्षकांची तयारी. दर उन्हाळ्यात सुमारे तीन आठवड्यांची शिबिरं होत, सहावी, सातवी, आठवी अशा टप्प्यांनी. मुलांनी वर्षभर जे करायचं तेच शिक्षक तिथे टोळ्या करून करत आणि मुलांसारखेच अडत. त्यांच्यासोबत दिल्ली विद्यापीठातले, टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले वैज्ञानिक बसलेले असत, आणि कधीकधी शिक्षकाच्या प्रश्नाने तेही विचारात पडत. पण शिबिर संपलं की सगळं संपलं, असं तिथे नव्हतं. दर महिन्याला परिसरातल्या शाळांच्या शिक्षकांची बैठक होई. कोणता प्रयोग फसला, मुलांनी काय विचारलं, साहित्य कुठे कमी पडलं, याची चर्चा होई. मधूनमधून कोणीतरी वर्गात येऊन बसे. ते तपासणीसाठी येत नसे, मदतीसाठी येई. शिक्षकांच्या सूचनांवरून पुस्तकातले धडे बदलले जात. ज्या शिक्षकाने स्वतःच्या अनुभवावरून पाठ्यपुस्तक बदललेलं पाहिलं आहे, तो पुन्हा नुसता स्वाध्यायाची उत्तरं सांगणारा राहत नाही.

२००२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने हा कार्यक्रम बंद केला. तोवर तो सुमारे हजार शाळांत पोचला होता. बंद करणाऱ्यांचे मुद्दे सगळेच पोकळ होते असं मी म्हणणार नाही. पुढे नववी-दहावीच्या परीक्षेत याचा उपयोग काय, ही पालकांची चिंता खरी होती, आणि एका भागात एक पुस्तक तर उरलेल्या राज्यात दुसरं, ही प्रशासनाची अडचणही खरी होती. पण त्यातून पुस्तक बदलायचा निष्कर्ष निघू शकतो. शिक्षकांच्या मासिक बैठका आणि उन्हाळी शिबिरं मोडून काढायचा निघत नाही. पुस्तक कुठलंही असो, सामान्य विज्ञानाच्या कोणत्याही पुस्तकात प्रयोग असतातच. ते करणारा शिक्षक हवा.

आपल्याकडे याचं बीज नव्हतं असं नाही. होशंगाबादच्या आधी मुंबई महापालिकेच्या शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याची धडपड झाली होती आणि तिच्यातून होशंगाबादला बळ मिळालं. १९७४ साली मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उभं राहिलं आणि सत्तरच्याच दशकात त्यांनी जळगाव जिल्ह्यात खिरोडा परिसरातल्या ग्रामीण शाळांसोबत काम केलं. पुण्याच्या टेल्को या मोटार कंपनीत अभियंते असलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये होशंगाबादला गेले. तिथे त्यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबपासून भूमितीच्या आकृत्या बनवल्या. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून त्यांची खेळणी देशभर गेली. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करते आहे. एवढी माणसं आणि एवढ्या संस्था दुसऱ्या फार थोड्या राज्यांकडे असतील. तरी हे सगळं शिक्षण खात्याच्या नेहमीच्या यंत्रणेच्या कडेकडेनेच राहिलं. हौशी शिक्षक सुट्टीच्या दिवशी पदरमोड करून कार्यशाळांना जातात आणि उरलेल्यांपर्यंत काहीच पोचत नाही. हौशी शिक्षकांवर राज्याचं विज्ञान शिक्षण चालू शकत नाही.

यंत्रणेत नवं काही उभारायची फारशी गरज नाही, असं मला वाटतं. केंद्रस्तरावर शिक्षण परिषद होते. तिथे काय होतं? परिपत्रकांचं वाचन, ऑनलाइन माहिती भरण्याच्या सूचना, एखादा आदर्श पाठ, सत्कार आणि चहा. वर्षातल्या निदान चार परिषदा पूर्णपणे विज्ञानाच्या प्रयोगांना द्याव्यात. परिपत्रकं व्हॉट्सअॅपवर पाठवा, त्यासाठी माणसं गोळा करायची गरज नाही. पहिली ते पाचवीचे शिक्षक एका खोलीत आणि सहावी ते आठवीचे दुसऱ्या. पुढच्या तीन महिन्यांत वर्गात जे धडे येणार त्यांतले प्रयोग तिथे करायचे, आणि मागच्या तीन महिन्यांत वर्गात जे फसलं ते मांडायचं. एका परिषदेत लावलेला सावलीचा किंवा गंजण्याचा प्रयोग शाळेत जाऊन पुढे न्यायचा आणि पुढच्या परिषदेला नोंदी घेऊन यायचं. तालुक्यातल्या महाविद्यालयांतले भौतिकशास्त्र-रसायनशास्त्राचे प्राध्यापक या परिषदांना यावेत. त्यांनी भाषण करू नये, प्रयोगाला बसावं.

यात एक जुना अडसर आधी दूर करावा लागेल. कितीतरी शाळांत विज्ञानाची पेटी येते आणि कपाटात कुलूपबंद राहते. मी उघडलेल्या अशाच एका पेटीत काचेचं सामान मूळच्या वर्तमानपत्राच्या गुंडाळीतच होतं आणि त्या कागदावरची तारीख आठ-नऊ वर्षांपूर्वीची होती. शिक्षकाला विचारलं तर म्हणाले, “फुटलं तर डेडस्टॉकला दाखवायचं कसं? वसुली निघाली तर?” त्यांचं चुकलं नव्हतं. परीक्षानळी, बल्ब, सेल, तापमापी ही खपणारी, फुटणारी वस्तू आहे. तिची नोंद खुर्ची-टेबलासारखी जडवस्तू संग्रह नोंदवहीत ठेवली की शहाणा मुख्याध्यापक ती मुलांच्या हातात देणारच नाही. विज्ञानाच्या साहित्याला खडूसारखं उपभोग्य साहित्य म्हणून नोंदवायचा आदेश निघाला पाहिजे आणि दरवर्षी थोडी रक्कम केवळ भरपाईसाठी मिळाली पाहिजे. कपाटं रिकामी व्हायला लागली तर समजावं की वर्गात काहीतरी चाललं आहे.

शिक्षकाला वेळ कुठे आहे, असं कोणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नयेत असं शिक्षण हक्क कायद्याचं २७ वं कलम सांगतं. प्रत्यक्षात सर्वेक्षणं, पोर्टलवरच्या नोंदी, पोषण आहाराचे हिशेब, निरनिराळे दिन आणि सप्ताह यांत माणूस पिळून निघतो. दोन शिक्षकी शाळेत तर चार इयत्ता दोघांच्या गळ्यात असतात. त्यांतला एक परिषदेला गेला की दुसऱ्याला अख्खी शाळा सांभाळावी लागते. म्हणून हा भार आहे त्या भारावर रचायचा नाही. चार परिषदा विज्ञानाला द्यायच्या तर आजच्या बैठकांतून तेवढ्या कमी करायच्या, आणि लहान शाळांसाठी त्या दिवशी बदली माणूस द्यायचा. डायटमध्ये, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, विज्ञानाचा अधिव्याख्याता नसेल तर या परिषदांमागे उभं कोण राहणार? ती पदं भरणं ही पहिली पायरी आहे. पदविकेच्या अभ्यासक्रमातही एक बदल तातडीने हवा: पहिली ते आठवीच्या पुस्तकांतले सगळे प्रयोग करून, त्यांच्या नोंदी ठेवून, त्यांतल्या कोणत्याही एकावर तोंडी परीक्षा दिल्याशिवाय पदविका मिळू नये. वाहन चालवायचा परवाना देतानाही आपण माणसाला गाडी चालवून दाखवायला लावतो.

आणि पर्यवेक्षणाची नजर बदलली पाहिजे. विस्तार अधिकारी शाळेत येतात तेव्हा वह्या तपासल्या आहेत का, अभ्यासक्रम कुठवर आला, फळ्यावर तारीख आहे का, हे पाहतात. विज्ञानाच्या शिक्षकाला त्यांनी विचारावं की या महिन्यात कोणता प्रयोग फसला आणि मुलांचा कोणता प्रश्न अजून सुटलेला नाही. या प्रश्नाची शिक्षा होत नाही, उलट तो पुढच्या परिषदेच्या विषयपत्रिकेवर जातो, असा विश्वास बसायला दोन-तीन वर्षं लागतील. तेवढा धीर खात्याने धरला पाहिजे. अधिकाऱ्याची बदली झाली की उपक्रम बंद, हे इथे चालणार नाही.

सगळ्या राज्यात एकदम आदेश काढून हे करू नये. एकदम केलं की त्याचंही परिपत्रक होतं आणि त्याच्याही सह्या गोळा होतात. होशंगाबादला सुरुवात १६ शाळांपासून झाली होती. आपल्याकडे एक-दोन केंद्रांत मिळून तेवढ्या शाळा असतात. एखाद्या जिल्हा परिषदेने दोन केंद्रं निवडावीत, एखादं जवळचं विज्ञान महाविद्यालय आणि डायट यांना सोबत घ्यावं आणि तीन वर्षं, म्हणजे सहावीत आलेली मुलं आठवी पार करेपर्यंत, त्यांना मोकळेपणाने काम करू द्यावं. येत्या जूनमध्ये शाळा उघडायच्या आत तिथल्या शिक्षकांचं पहिलं दोन आठवड्यांचं शिबिर होऊ शकतं. त्याला मेणबत्त्या, पेले, बल्ब-सेल, लोखंडाचा कीस आणि बसायला एक मोठी खोली, एवढंच लागतं.